वृषणाला पीळ बसतो, तेही लिहा
वृषणं शरीराबाहेर पिशवीत का असतात, हे लेखात छान समजावलंय. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. पण एक धोका राहून गेला. वृषण ज्या दोरीसारख्या भागाला लटकतं, त्याला कधीकधी पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. वयात येणाऱ्या मुलांत हे जास्त होतं. अचानक एका बाजूला असह्य दुखतं, उलट्या होतात, वृषण वर ओढल्यासारखं दिसतं. पुष्कळदा मुलगा लाजून नुसतं 'पोटात दुखतंय' म्हणतो. 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतं, 24 तासांनंतर क्वचितच. शेक देत, ओवा चावत सकाळची वाट बघू नका, रात्रीच सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा: तिथे दुखलं तर आम्हाला लगेच उठवायचं.