जेवणासोबत गाणं फुकट

अवकाळीने यंदाही बाग झोडपली आणि तुम्ही गंगापूर रोडच्या त्या अर्ध्या एकरात जेवण, लाइव्ह गाणी आणि रोषणाईचं दुकान मांडायचं ठरवलंत, फार छान केलंत. पैसे कमी पडले तर मेव्हण्याला सिंहस्थ दाखवा. 2027 मध्ये अमृतस्नानाला लाखो भाविक नाशकात येतील आणि रामकुंडात बुडी मारून ओलेत्यानेच तुमच्या ‘सूफी नाइट’ला धावतील, यावर मेव्हण्यांचा चटकन विश्वास बसतो.

नाव मराठी नको. ते गल्ल्यावरच्या पोऱ्याला उच्चारता आलं तर लगेच बदला.

भांडवलाचा मोठा वाटा फोटोच्या भिंतीवर घाला: पंख, निऑन, प्लास्टिकच्या वेली. आपल्या बागेतले थॉमसनचे घोस छताला टांगा आणि ‘वाइन कंट्री’ अशी पाटी लावा. थॉमसन खायची द्राक्षं, वाइनची जात वेगळी, हे नाशिककरांना ठाऊक असतं, पण फोटो काढणाऱ्यांचं तिकडे लक्ष नसतं. उरल्या पैशात स्वयंपाकघर उरका. मिसळ ठेवाच, काचेच्या घुमटाखाली धूर सोडून. रस्सा पुन्हा मागितला की मात्र वेगळे पैसे लावा. या गावात असं धाडस आजवर कोणी केलेलं ऐकिवात नाही, तेवढीच प्रसिद्धी.

आता मुख्य गोष्ट, आवाज. स्पीकर थेट फॅमिली टेबलांवर रोखा. माणसं बोलायला लागली की त्यांचं ताटाकडे लक्ष जातं, आणि ते तुम्हाला परवडणारं नाही. परवा अशाच एका ठिकाणी शेजारच्या टेबलावरच्या आजी वेटरचा कान जवळ ओढून सांगत होत्या, “चातुर्मास आहे बाबा, कांदा नको.” नेमका तेव्हाच गायकाने वरचा सूर लावला. वेटरच्या वहीत ‘कांदा’ एवढंच उतरलं. पाच मिनिटांत प्लेटभर कांदा आला, लिंबू पिळून. लासलगाव जवळ असल्याचा फायदा, दुसरं काय! आजींनी ताटली नातवाकडे सरकवली आणि पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला. त्या रात्री धड जेवलेलं गिऱ्हाईक तेवढं एकच.

गाण्यांचे हक्क हा खर्चिक विषय आहे. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं 52 वं कलम लग्नाची वरात आणि लग्नाच्या समारंभातल्या गाण्यांना सूट देतं. तेव्हा गेटवर रोज ‘चि. आणि चि. सौ. कां.’चा फलक लावा. वर्षाचे 365 मुहूर्त कुठल्या पंचांगात आहेत, असं कोणी विचारलं तर त्र्यंबकेश्वराकडे बोट दाखवा.

रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, बंदिस्त जागेत आतल्या आत चालतो. मग त्यात काय अवघड आहे? बांबू ठोका, वरून कापड ओढा, झालं बंदिस्त. खाली मेणबत्त्या लावा, वातावरण तयार होतं. आग विझवायचं नळकांडं लाल असतं, फोटोत घाण दिसतं, त्याच्यावर वेली सोडा. मागचं दार जादा खुर्च्या रचायला उत्तम. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर लागलेल्या आगीत 14 माणसं गेली, त्यानंतर तिकडे बेकायदा बांधकामं पाडायचा सपाटाच लागला. असा सपाटा सुरू झाला की तुम्ही तेवढे दिवस ‘नूतनीकरणासाठी बंद’ची पाटी लावायची. खुर्च्या हलवायचं कारण नाही.

राहता राहिलं बिल. सेवाशुल्क परस्पर लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावलंय. म्हणून त्याला ‘अनुभव शुल्क’ म्हणा आणि जीएसटीच्या ओळीला चिकटून बारीक अक्षरात छापा. एखादा निवृत्त मास्तर चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचेलच. “हे काय आहे?” असं विचारायला त्याने तोंड उघडलं रे उघडलं, की गायकाला खूण करा.