युरोपच्या ग्रुप टूरला तयारी लागत नाही, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मे-जूनमध्ये ग्रुप टूरने युरोपला निघालेल्यांसाठी तो आहे. त्याचं सांगणं थोडक्यात असं: तिकडे उन्हाळा असतो, एक जाड स्वेटर आणि छत्री पुरे. महाबळेश्वरची थंडी सोसलेल्या सातारकरांनी घाबरू नये. मोबाइलवर हवामान बघून पंधरा दिवस आधी बॅग भरून टाकावी. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्या की जागा वाचते. पासपोर्ट, विमा हे टूर मॅनेजर बघतो. आणि घरचं तूप, दूध पावडर, आंबे भरपूर न्यावेत. माझी आत्या आणि तिच्या वयाच्या बऱ्याच जणी याच भरवशावर बॅगा भरायला बसल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

‘उन्हाळा असतो, एक जाड स्वेटर पुरे.’

उन्हाळा असतो हे खरं. पण अशा टूरवर अंगाला जो फरक जाणवतो तो महिन्यापेक्षा उंचीमुळे. साधारण दर हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन सुमारे ५७० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या साताऱ्यापेक्षाही खाली. जूनच्या दुपारी ऊन असेल तर तिथे अर्ध्या बाह्यांत फिरता येतं. तिथूनच ग्रुपला युंगफ्राउयोख या बारमाही बर्फाच्या ठिकाणी नेतात, ते ३,४५४ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून वर. जुलैतसुद्धा तिथलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर शून्य अंश अंगाला उणे सहा-सात वाटतं. संध्याकाळी पुन्हा खाली यायचं. दोन दिवसांनी पॅरिस. तिथे २५ जुलै २०१९ रोजी ४२.६ अंशांची नोंद झाली होती, आणि तिकडच्या बऱ्याच जुन्या हॉटेलांत एसी नसतो.

एवढ्या फरकाला एक जाड स्वेटर पुरणार कसा? खाली तो अंगावर ठेववत नाही, वर त्याच्या विणीतून वारा आरपार जातो, आणि बॅगेतली जागा मात्र खाऊन बसतो. त्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीसचा (मऊ, हलक्या, ऊबदार कापडाचा) किंवा हलका लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं टोपीचं जॅकेट. गरम झालं की एक काढायचं, गार वाटलं की चढवायचं. साडीच नेसायची असेल तर आतून थर्मल लेगिंग, पायात मोजे आणि बूट. बर्फावर साडी नेसता येते, चप्पल चालत नाही. कानटोपी आणि हातमोजे प्रत्येकाचे हवेत, दोघांत एक जोड नको.

अंगालगतचा कपडा सुती नको, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे ‘सुतीच बरं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. पण सुती बनियन घाम किंवा पाणी पिऊन ओला राहतो आणि अंगातली ऊब काढून घेतो. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. माण-खटावचे मेंढपाळ भर पावसात अंगावर घोंगडी घेतात, सुती चादर घेत नाहीत, ते काही उगाच नाही.

‘महाबळेश्वरची थंडी सोसलेल्यांना काय होणार?’

वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. पण ती पहाटेची गोष्ट. दहा वाजता ऊन पडलं की आपण स्वेटर काढून ठेवतो. उंच हिमशिखरावर भर दुपारीही वारा थांबत नाही. शिवाय तिथे थंडीपेक्षा हवेचा प्रश्न मोठा. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोनतृतीयांश उरतो, आणि केबल कार किंवा रेल्वे तुम्हाला इतक्या लवकर वर नेते की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. धाप लागणं, डोकं जड होणं हे धडधाकट माणसालाही होतं. हृदयविकार, दमा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आपल्या डॉक्टरांना शिखराची उंची मीटरमध्ये सांगून विचारा. ‘युरोपला जाऊ का?’ एवढंच विचारलं तर ते ‘जा’ म्हणतील. वर गेल्यावर सावकाश चाला, पाणी पीत राहा. बरं वाटेना तर फोटो राहू द्या, खाली या.

आणि गॉगल घ्या. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. कडाक्याच्या थंडीतही चेहरा भाजतो, डोळे चुरचुरतात.

‘छत्री टाका, पाऊस आला तर आला.’

पावसाळ्यात चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर, त्या वाऱ्यात, ज्याने छत्री उघडून पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. कास-ठोसेघरचा पाऊस आपल्या अंगवळणी आहे, पण आल्प्समधल्या पावसात तापमान सहज आठ-दहा अंशांवर येतं. तिथे भिजून बसमध्ये बसणं वेगळं. छत्री शहरासाठी ठेवा, डोंगरासाठी पाणी अडवणारं जॅकेट.

‘पंधरा दिवस आधी हवामान बघून बॅग भरा.’

पाच दिवसांपर्यंतचा अंदाज बराच भरवशाचा असतो. दहा दिवसांच्या पुढचा साधारण निम्म्या वेळा चुकतो. ॲप पंधराव्या दिवसाचाही आकडा दाखवतं म्हणून तो खरा मानू नये. दुसरं, ॲपमध्ये आपण गावाचं नाव टाकतो आणि खालच्या गावाचं तापमान बघतो. शिखराचं नाव वेगळं शोधा. बॅग आधी भरा हवं तर, पण कुठल्याही हवेला पुरेल अशी.

‘गोळ्या डबीत काढून मोठ्या बॅगेत टाका.’

हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. पाकिटाबाहेर काढलेली गोळी कुठली, हे परदेशातला डॉक्टर किंवा कस्टमचा माणूस ओळखणार कसा? रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्या दुकानातली नावं तिकडे चालत नाहीत. सगळा साठा केबिन बॅगेत ठेवा, चार-पाच दिवसांचा जास्तीचा धरून. मोठी बॅग उशिरा पोहोचली तर रक्तदाबाची गोळी तिच्यासाठी थांबत नाही. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात द्यायचंच नाही, ते तिथे गोठू शकतं. पॉवर बँकही केबिनमध्येच. मोठ्या बॅगेत ती नियमानेच चालत नाही.

‘पासपोर्ट, विमा टूर मॅनेजर बघतो.’

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाला, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो टूर कंपनी बहुधा काढून देते. इथवर मेसेज बरोबर. पण आधीपासूनचे आजार अनेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात किंवा त्यांना फार थोडी मर्यादा असते, आणि मधुमेह लपवून काढलेला विमा ऐन वेळी नाकारला जाऊ शकतो. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी आजारांची माहिती आपणच लिहायची. पॉलिसीचा नंबर आणि मदतीचा फोन कागदावर लिहून पाकिटात ठेवा, शिवाय घरी मुला-सुनेकडेही द्या. पासपोर्ट स्वतःजवळ बाळगा आणि त्याची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. तो हरवलाच तर पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावासात जावं लागतं, तिथे ही प्रत फार उपयोगी पडते. पासपोर्ट तुम्ही परतल्यानंतर, म्हणजे शेंगेन देश सोडल्यावर, किमान तीन महिने वैध असला पाहिजे. ही तारीख आजच बघा.

‘तूप, दूध पावडर, आंबे भरपूर न्या.’

युरोपीय संघाच्या नियमाने भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, पनीर, दूध पावडर सगळं त्यात आलं. ताज्या आंब्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. याच आंब्यावर, त्यातल्या फळमाशीमुळे, युरोपने २०१४ मध्ये बंदी घातली होती, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही ठेवू नका, त्या विमानाच्या नियमांत पेट घेणाऱ्या मालात धरतात. चिवडा, चकली, खाकरा, शेंगदाण्याची चटणी न्या, पण ग्रुपला रोज जेवण मिळणार असेल तर दोन किलो पुष्कळ झाले.

मेसेजच्या शेवटी लिहिलंय, ‘शंका असेल तर मॅनेजरला तिकडे गेल्यावर विचारा.’ ते निघण्याआधीच्या मीटिंगमध्येच विचारा. कोणत्या दिवशी किती उंचीवर जायचं आहे? त्या दिवशी कोणाला वर जायचं नसेल तर तो कुठे थांबेल आणि सोबत कोण असेल? विमानात किती किलो चालतात आणि हॉटेलात बॅग खोलीपर्यंत कोण नेणार? दिवसभरात किती चालावं लागेल? या शेवटच्या उत्तरावर बूट ठरवा, आणि नवे घेतले तर निघण्याआधी तीन आठवडे तेच घालून अजिंक्यताऱ्यावर चढा-उतरा.