चिठ्ठी गालिच्याखाली गेली त्याचं काय?
एका लेखात म्हटलंय की छोट्या गावातल्या प्रेमकादंबऱ्यांत नायिकेने पहिल्या भेटीतच खरं सांगून टाकलं असतं तर पुस्तक दहा पानांत आटोपलं असतं. हसू आलं, पण पटलं नाही. इंग्रज लेखक थॉमस हार्डीची १८९१ची 'टेस' ही कादंबरी आठवा. लग्नाआधी टेस बिचारी आपला भूतकाळ सांगणारी चार पानी चिठ्ठी लिहून होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या, दाराखालून सरकवते, आणि ती नेमकी आतल्या गालिच्याखाली जाते. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला ती तिथेच सापडते, न फोडलेली. मग पहिल्या रात्री साहेब स्वतःचं लंडनमधलं ४८ तासांचं प्रकरण सांगून मोकळे होतात, ती लगेच माफही करते. तिची सांगायची वेळ आली की मात्र याला बायको ओळखूच येईना! तिचा तर गैरफायदा घेतला गेला होता. सांगायला तिने काही कमी केलं नव्हतं, ऐकणाराच कच्चा निघाला.

बाकी आमच्या तालुक्याच्या गावात गुपित नवऱ्याच्या आधी पिठाच्या गिरणीवर पोचतं. लेखिकाबाईंनी पुढच्या वेळी त्यावरही लिहावं.