कँटरबरीला लिहून काय होणार?

मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, जमिनीवरून किंवा डायोसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) निवडणुकीवरून वाद पेटला की महाराष्ट्रातल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळ्यांत एक सूर हमखास निघतो: थेट कँटरबरीच्या आर्चबिशपांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रमुख बिशपांना, लिहा. मग इंग्लंडात राहणाऱ्यांकडे निरोप येतो, तुम्ही तिथेच आहात, तेवढा अर्ज पोचवा. कळकळ खरी आहे, पण पत्ता चुकतो.

पोप बिशप नेमतात आणि काढतात. कँटरबरीच्या आर्चबिशपांना दुसऱ्या प्रांतातला एक पाळकही हलवता येत नाही. अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं सांगणाऱ्या जगभरच्या चर्चच्या परिवारात, ४२ प्रांत आहेत आणि प्रत्येकाची घटना, सिनॉड (निर्णय घेणारी सभा), नियम स्वतःचे. लँबेथ परिषदेचा, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेचा, ठराव झाला, तरी प्रांताच्या सिनॉडने तो स्वीकारेपर्यंत कोणाला बांधत नाही. हे पहिल्यापासूनच ठरलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रदेशाचे बिशप कोलेन्झो यांना केपटाउनच्या बिशपांनी पदच्युत केलं आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींतल्या अपिलांच्या वरिष्ठ न्यायालयाने) १८६५ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. त्या गोंधळानंतर १८६७ मध्ये ७६ बिशप लँबेथला जमले, तेही ही सभा कायदे करणार नाही या अटीवर.

भारताचा कायदेशीर धागा तर १ मार्च १९३० रोजीच सुटला, इथली अँग्लिकन मंडळी त्या दिवशी चर्च ऑफ इंग्लंडपासून स्वतंत्र झाली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआय स्थापन झालं, त्यात अँग्लिकनांबरोबर प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स असे सगळे आले. यांतल्या कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांचा कँटरबरीशी कधी संबंधच नव्हता.

मग नातं उरतं कशात? एकमेकांना ओळखण्यात. पुण्यात दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेल्याला इंग्लंडात प्रभुभोजन घ्यायला कोणी अडवत नाही. पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चच्या, हद्दीत राहत असाल तर त्या चर्चच्या मतदारयादीत नावही नोंदवता येतं, बाहेर राहत असाल तर सहा महिने नियमित उपासनेला यावं लागतं. पाळकांचं मात्र वेगळं आहे: इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्याप्रमाणे परदेशी पाळकांना तिथे विधी चालवायला कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपांची लेखी परवानगी लागते. पाहुणे म्हणून आलेल्या आपल्या पाळकसाहेबांना प्रभुभोजनाची विधी चालवायला सांगण्याआधी हे विचारायचं राहून जातं आणि ऐन रविवारी सगळ्यांचीच पंचाईत होते.

इंग्लंडकडून घ्यायचंच असेल तर पॅरिशची शिस्त घ्यावी. दर वर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक सभा, त्यापूर्वी किमान सात दिवस तपासलेले हिशेब लोकांपुढे. चर्चच्या मालकीच्या वस्तूंची यादी आणि जमिनीची नोंद ठेवणं हे चर्चवॉर्डनचं, म्हणजे पॅरिशने निवडलेल्या कारभाऱ्याचं, कायदेशीर काम. प्रभुभोजनाचा जुना चांदीचा प्याला विकायचा तर पाळक आणि सगळी कमिटी एकमताने तयार असली तरी चालत नाही, डायोसिसच्या चॅन्सलरचा, म्हणजे न्यायाधीशाचा, आदेश लागतो. यातही उणिवा आहेत. छोट्या गावांत वॉर्डन व्हायला माणूस मिळत नाही, मग यादी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

अशी कुलपं आपल्याकडेही आहेत, आणि ती कँटरबरीपेक्षा मजबूत आहेत. मंडळीची मालमत्ता ज्याच्या नावावर आहे तो ट्रस्ट सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही तीच मंजुरी लागते. विश्वस्त बदलले तर कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो आणि त्यावर हितसंबंधी माणसाला हरकत घेता येते. घात होतो तो उशिराने: खरेदीखत झाल्यावर मंडळी जागी होते आणि पुढची दहा-दहा वर्षं कोर्टात जातात.

म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट काढा. उताऱ्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते पाहा. त्यांतले दोघे-तिघे वारलेले निघाले, तर पहिली दुरुस्ती तिथे करून घ्या.