बारावीची उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घ्यायची का?

निकाल लागला की संध्याकाळपर्यंत घरोघरी एकच सूर: 'रिचेकिंगला टाकू या.' टाका की. पण राज्य बोर्डाकडे 'रिचेकिंग' नावाचं काही नसतं. तिथे तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती एकच समजून लोक पैसे घालवतात.

गुणपडताळणी, प्रतिविषय ५० रुपये. यात उत्तर कुणी पुन्हा वाचत नाही. एखादा प्रश्न तपासायचा राहिला का, बेरीज चुकली का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट आले का, एवढंच बघतात. छायाप्रत, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, ४०० रुपये. पुनर्मूल्यांकन, म्हणजे उत्तरं खरोखर पुन्हा तपासणं, ३०० रुपये, पण ते छायाप्रत हातात आल्यावरच, आणि तेही कामकाजाच्या पाच दिवसांत. (हे अलीकडच्या वर्षांतले दर. यंदाचे मंडळाच्या परिपत्रकात बघून घ्या.) छायाप्रतीच्या अर्जाला निकालानंतर साधारण पंधरवडा मिळतो. तो रुसण्याफुगण्यात गेला की पुढची दोन्ही दारं बंद.

माझं मत विचाराल तर आधी बघा, वाढलेल्या दोन गुणांनी अडतंय काय? अभियांत्रिकीला खुल्या प्रवर्गात फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स मिळून ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५ लागतात. १३४ असतील तर एक क्षणही थांबू नका. पण तिथे २१० असतील आणि प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होणार असेल, तर २१३ झाल्याने गुणवत्ता यादीत काय फरक पडणार? 'शेजारच्या पोरापेक्षा कमी कसे' हे अर्जाचं कारण नव्हे.

छायाप्रत आली की भावनेने नाही, पेन्सिल घेऊन वाचा. फिजिक्सचा लेखी पेपर ७० चा. प्रत्येक उपप्रश्नाचे गुण स्वतः मांडा, बेरीज करा, मग मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी ताडा. पुरवणी जोडली असेल तर तिथे मुक्काम करा. मूळ पत्रिकेत अर्धं सोडलेलं आणि पुरवणीत पूर्ण केलेलं उत्तर नजरेतून निसटू शकतं.

आता कटू भाग. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं आणि पहिलाच प्रयत्न धरतात, असं प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं. नुसतं 'ब' लिहून आलेल्याचा तो गुण पुनर्मूल्यांकनातही येत नाही. प्रात्यक्षिकाचे ३० तर या भानगडीत येतच नाहीत.

छायाप्रत विषयशिक्षकांना दाखवाच, पण 'किती वाढतील?' असं विचारू नका. 'हा गुण कुठे कापला आणि का?' असं विचारा. त्यांनी नेमक्या प्रश्नावर बोट ठेवलं तर ३०० रुपये भरा. 'बघू, नशीब' म्हणाले तर नको.

आणि नापास विषय असेल तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म पुनर्मूल्यांकनाच्या निकालासाठी अडवून ठेवू नका. तो याच दिवसांत सुटतो आणि त्याची मुदत तुमच्या छायाप्रतीची वाट बघत नाही.