सगळे जीन फुल्ल चालू करा म्हणणाऱ्यांना उत्तर (कोएन्झाइम क्यू१०)

नमस्कार. बॅक्टेरियाकडून क्यू१० (पेशीला ऊर्जा बनवायला मदत करणारा पदार्थ) बनवून घेण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळीत उरकण्यापेक्षा वेगळं उत्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की क्यू१० बनवणारे सगळे एन्झाइम माहीत आहेत, मग सगळ्यांचे जीन एकेका स्ट्राँग प्रमोटरखाली (म्हणजे जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या स्विचखाली) टाकायचे की झालं, लेखात 'बॅलन्स बॅलन्स' करत उगाच पाल्हाळ लावलंय आणि बिचाऱ्या ई. कोलायला (लॅबमधला नेहमीचा बॅक्टेरिया) विनाकारण नापास केलंय.

आधी ई. कोलायचं बघू. क्यूच्या रेणूला एक डोकं (रिंग) आणि एक लांब शेपटी असते. ई. कोलाय स्वतःसाठी क्यू८ बनवतो, म्हणजे शेपटीत ८ आयसोप्रीन युनिट (पाच कार्बनचे तुकडे), आपल्याला हवीत १०. शेपटीची लांबी ठरवतो एकच एन्झाइम, ई. कोलायमध्ये त्याचं नाव इस्प-बी. ग्लुकोनोबॅक्टरसारख्या क्यू१०वाल्या बॅक्टेरियातला डीडीएस-ए जीन (१० युनिटची शेपटी बनवणाऱ्या एन्झाइमचा) त्याच्यात घातला की क्यू१० मिळतं, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण जुना इस्प-बी तसाच ठेवला तर दोघंही एकाच कच्च्या मालावर तुटून पडतात आणि हातात येते क्यू८, क्यू९, क्यू१० ची खिचडी, जी नंतर वेगळी करत बसा. बरं इस्प-बी नुसता काढूनही टाकता येत नाही, त्याच्याशिवाय पेशी जगत नाही, आधी डीडीएस-ए नीट बसवायचा आणि मगच तो काढायचा.

आता 'सगळं वाढवा' याकडे. शेपटीची सुरुवात पायरुवेट आणि जी३पी पासून होते, डोक्याची (म्हणजे रिंगची) पीईपी आणि ई४पी पासून (हे चारही पेशीतले छोटे रेणू), आणि हे सगळं शेवटी त्याच ग्लुकोजमधून येतं ज्यावर पेशी जगते आणि वाढते. डीएक्सएस हा शेपटीच्या वाटेवरचा पहिला एन्झाइम, तो वाढवला की बऱ्याचदा फायदा होतो हे खरंय. पण पुढचे एन्झाइम मागे पडले तर मधले आयपीपीसारखे पदार्थ (शेपटीचे सुटे तुकडे) साचतात, ते जास्त झाले की पेशीलाच बाधतात, वाढ मंदावते. डोक्याकडे वेगळीच गंमत, रिंगच्या वाटेवरचा युबी-सी हा एन्झाइम स्वतःच बनवलेल्या पदार्थाला चिकटून बसतो, सोडायलाच तयार नसतो. आणि एवढं करून डोकं-शेपूट जुळलं तरी रिंगवर तीन मिथाइल बसवायचे असतात, ते येतात सॅममधून (पेशीत मिथाइल पुरवणारा रेणू), आणि सॅम पेशीला इतर पन्नास कामांना लागतो. प्रमोटर कितीही स्ट्राँग असू दे, सॅम काय आभाळातून पडणार आहे का?

र्‍होडोबॅक्टर स्फेरॉइड्स या बॅक्टेरियाचं कौतुक मी लेखात केलं ते एवढ्यासाठीच की तो मुळातच क्यू१०वाला आहे, शेपटीची भानगडच नाही. ऑक्सिजन कमी केला की तो प्रकाशसंश्लेषणासाठी आतलं मेंब्रेन वाढवतो, आणि क्यू१० राहतं मेंब्रेनमध्येच, म्हणजे जागा वाढते. पण त्याच वेळी कॅरोटिनॉइड आणि बॅक्टेरिओक्लोरोफिल ही रंगद्रव्यंही जोरात बनायला लागतात आणि तेही आयसोप्रीनच खातात, शिवाय वाढ हळू. म्हणून आधी भरपूर हवा देऊन पेशी वाढवायच्या आणि मग हवा कमी करायची असं दोन टप्प्यांत चालवतात. हे सगळं टाकीच्या हवेच्या नॉबवर चालतं आणि तो नॉब कुठल्याच प्लास्मिडवर (जीन पेशीत न्यायचं डीएनएचं कडं) बसवलेला नसतो, तुमच्या जीनच्या यादीत तर त्याचं नावही नाही.

तुम्ही 'इतक्या पट वाढ' असा जो दाखला दिलाय त्याबद्दल एकच विचारतो, ती वाढ दर ग्रॅम सुक्या पेशीमागे आहे की दर लिटरमागे? प्रत्येक पेशीत दुप्पट क्यू१० आणि पेशीच निम्म्या, असं झालं तर टाकीतून निघणारं क्यू१० तेवढंच राहतं, फक्त आलेखात भारी दिसतं. दर लिटरमागचा आकडा सापडला तर खाली टाका, मग त्यावर भांडू.