मामाजी, तो डबा काटोललाच राहू द्या

काल रात्री धरमपेठेतून मामाजींचा फोन आला. पुढच्या आठवड्यात ते अंदमानला निघालेत आणि सामानात गांडुळांचा डबा! मी नको म्हटलं तर म्हणतात, "काहून? गांडूळ तं शेतकऱ्याचा मित्र आहे न!" याच्या मुळाशी व्हॉट्सॲपवरचा तोच मेसेज: ‘ज्या मातीत गांडूळ नाही ती माती मेलेली. गांडूळ आपल्याच मातीतलं लेकरू. प्रवासात मूठभर न्या, बेटावरच्या जंगलात सोडा. तिथं त्याला शत्रू नाही, झपाट्यानं वाढतं.’ आता घरातच हे घडायला लागलं म्हटल्यावर गप्प कशी बसू?

मेलेली माती म्हणे! हवाई बेटं समुद्रातल्या ज्वालामुखीतून वर आली. माणसानं नेईपर्यंत तिथं गांडुळं नव्हतीच, असं अभ्यासक मानतात. तरी घनदाट रान उभं राहिलं, कारण पाचोळा कुजवायला बुरशी आणि बारीक किडे होते. पुढे रोपांच्या मातीतून गांडुळं गेली आणि माणसानंच सोडलेल्या रानडुकरांना आयतं खाद्य मिळालं. गांडुळांसाठी ती जंगलाची जमीन उकरतात, झाडाएवढे नेचे आडवे पाडून आतला गर खातात. पोकळ खोडांत पाणी साचतं, त्यात डास होतात. हे डासही १८२६च्या सुमारास जहाजातून आलेले. ते पक्ष्यांमध्ये मलेरिया पसरवतात आणि तिथले हनीक्रीपर पक्षी त्यानं मरतात. मूठभर गांडुळांची गोष्ट कुठवर जाते ते बघा.

‘शत्रू नाही’ हा फायदा नाही, तोच धोका आहे. प्रशांत महासागरात ताहितीजवळच्या मूरेआ बेटावर आफ्रिकन गोगलगाय बेसुमार वाढली, म्हणून १९७७ साली तिला खाणारी दुसरी गोगलगाय सोडली. तिनं तिथल्या पार्टुला गोगलगायींचाच फडशा पाडला. दहा वर्षांत त्यांच्या सातही जाती रानात दिसेनाशा झाल्या. ‘पॅसिफिक सायन्स’मधल्या १९८८च्या शोधनिबंधात हे नोंदलेलं आहे. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, मामाजींचाही नाही. पण मातीत शिरलेलं गांडूळ परत वेचता येत नाही.

आणि ‘आपल्याच मातीतलं’? खताच्या बेडमधलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, मूळचं युरोपातलं.

गांडूळखत चांगलं, हे मान्य करावंच लागेल. काटोलच्या संत्र्याच्या बागेत मीही ते घालते. पण बाग वेगळी आणि बेटावरचं रान वेगळं.

मामाजी, अंदमान खुशाल फिरा. डबा मात्र काटोलच्या बेडमध्ये रिकामा करा, आणि निघण्याआधी शेतातल्या बुटांची माती घासून धुवा.